हळकुंड, बेदाणा आणि सहा बरण्या: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सांगली

मॅडमनी आमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा पहिला विषय परत केला. आम्ही 'भौतिक घटकांचा सूक्ष्मजीवांच्या वाढीवर होणारा परिणाम' असं झोकात लिहून नेलं होतं. ई. कोलाय हा जीवाणू ४ अंशांना, ३७ अंशांना आणि ६० अंशांना ठेवायचा, कुठे वाढतो ते बघायचं. मॅडम म्हणाल्या, "उत्तर पुस्तकात छापलंय. मग तुम्ही दोघी तीन महिने काय करणार?" शेवटच्या वर्षाच्या निम्म्या फायली याच विषयाच्या असतात, हे त्यांनी कपाट उघडून दाखवलं. धूळ पण दाखवली.

दुपारी कॅन्टीनमध्ये प्रकल्पातल्या पार्टनरने पिशवीतून बेदाणे काढले. तिचं घर तासगावकडचं, रॅकवर वाळवलेला माल घरचाच. बेदाणा हाताला मऊ, चिकट, दाबला तर आत ओल जाणवते. तरी वर्षभर बुरशी नाही. आणि आमच्या हरिपुरात हळकुंड दगडासारखं कडक असतं, पण जरा ओल लागली की पांढरं-हिरवं होतं. ओलं दिसणारं टिकतं आणि कोरडं दिसणारं बिघडतं, हे कसं?

विषय मिळाला.

८ जानेवारी

मॅडमनी होकार दिला, पण दोन फासे टाकून. एक: बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. मग तो टिकतो तो कशामुळे, गंधकामुळे की आणखी कशामुळे? दोन: हळदीत कुरक्युमिन आहे, तेच जंतूंना मारक मानलं जातं. हळकुंडावर बुरशी आली नाही तर श्रेय कोणाला देणार?

पार्टनर घरून बिनधुरीचा माल आणणार आहे, घरच्यांसाठी वेगळा वाळवतात तो. कुरक्युमिनच्या शंकेसाठी तिसरा नमुना ठरला: शाळूचे दाणे. ना गंधक, ना हळद, निव्वळ पिठूळ धान्य. तीन नमुने, तिन्ही आपल्या जिल्ह्यातले.

१० जानेवारी

ओलावा मोजायला ओव्हन १०५ अंशांवर लावला आणि दोनदा तोंडघशी पडलो.

बेदाणे करपले. साखर जळली की वजन घटतं, ते पाणी गेल्याचं वजन नव्हे. हळदीचं आणखी वेगळंच. लॅबभर इतका घमघमाट सुटला की मामा (आमचे लॅबमधले शिपाई) दारातून म्हणाले, "भंडारा उधळलाय काय?" तो वास म्हणजे हळदीतलं उडून जाणारं तेल. वजनकाटा पाण्यात आणि तेलात फरक करत नाही, दोन्ही गेलं की 'ओलावा' म्हणून मोजतो. म्हणूनच मसाल्यांचा ओलावा टोल्यूइन हे द्रावक घालून ऊर्ध्वपातनाने काढतात: पाणी वेगळ्या नळीत साचतं आणि सरळ वाचता येतं. ते काचेचं उपकरण कपाटात होतं, नळीला बारीक चीर असलेलं. मामांनी दुसऱ्या विभागातून धड असलेलं आणून दिलं.

हळकुंड १० टक्के. बेदाणे १५ टक्के, पण हे कमी तापमानावर सावकाश वाळवून. बेदाण्यात पाणी दीडपट, तरी टिकतो तोच.

१३ जानेवारी

आज फक्त वाचन. १९५३ साली ऑस्ट्रेलियात डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर काम केलं. त्याचा गाभा असा: जंतूला अन्नात किती पाणी आहे याच्याशी घेणंदेणं नाही. त्यातलं किती मोकळं आहे, याच्याशी आहे. साखर आणि मीठ पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात. पाणी भांड्यात असतं, पण जंतूच्या पेशीला ते ओढून घेता येत नाही, उलट तिच्यातलंच बाहेर खेचलं जातं.

याचं माप म्हणजे वॉटर ॲक्टिव्हिटी. शुद्ध पाणी १. बहुतेक जीवाणू ०.९१ च्या खाली हात टेकतात. स्टॅफिलोकॉकस चिवट, तो ०.८६ पर्यंत तग धरतो. नेहमीच्या बुरश्या साधारण ०.८० पर्यंत. त्याखाली कोरड्यात रमणाऱ्या मोजक्या बुरश्या आणि साखरेत राहणारे यीस्ट, आणि ०.६० च्या खाली कोणीच वाढत नाही. मरत नाही, वाढत नाही. हा फरक मॅडमनी लाल पेनने दोनदा अधोरेखित केला.

उद्या संक्रांत. तिळगूळ महिनाभर डब्यात का टिकतो हे आता आईला सांगता येईल, तिने विचारलेलं नसलं तरी.

१६ जानेवारी

बरण्यांचं काम. वॉटर ॲक्टिव्हिटी मोजायचं यंत्र कॉलेजकडे नाही. त्यावर जुनी आणि स्वस्त युक्ती आहे. ठराविक क्षाराचा संपृक्त लगदा बंद बरणीत ठेवला की आतल्या हवेची आर्द्रता ठराविक आकड्यावर येऊन थांबते. नमुना आत टांगला की तो हवेतून पाणी घेत किंवा सोडत त्याच आकड्याला येतो. २५ अंशांना:

मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्के, मॅग्नेशियम नायट्रेट ५३, साधं मीठ ७५, पोटॅशियम क्लोराइड ८४, सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट ९४, पोटॅशियम सल्फेट ९७.

सहा क्षार, सहा बरण्या. तळाला न विरघळलेला क्षार दिसायलाच हवा, सगळा विरघळला तर आकडा हलतो. नमुना ठेवायला चहाच्या प्लास्टिक गाळण्या, झाकणाच्या आट्यांना व्हॅसलीन. पोटॅशसाठी, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडसाठी, पार्टनर खताच्या दुकानात गेली आणि लाल पोटॅश घेऊन आली. ते शेतात चालतं, बरणीत नाही. शेवटी स्टोअरमधून पांढरं मिळालं.

एका दुकानातून साधा डिजिटल आर्द्रतामापक घेतला. मिठाच्या बरणीत रात्रभर ठेवला. दाखवायला हवे होते ७५, दाखवले ७२. म्हणजे हा नेहमी तीनने कमी बोलतो. स्वभाव कळला की माणसाशी आणि यंत्राशी निभावता येतं.

२० जानेवारी

नमुने आत. हळकुंडं खलबत्त्यात कुटून मोठी कणी केली, अख्ख्याला आतपर्यंत ओल पोचायला फार दिवस लागतील. हौस म्हणून प्रत्येक बरणीत गुळाचा खडाही ठेवला.

२५ अंशांचं इन्क्युबेटर (तापमान कायम ठेवणारं कपाट) आजच बिघडलं. आत ३१ दाखवतंय. दुरुस्तीचा अर्ज दिला. अर्जाचं काय होतं ते इथे सगळ्यांना माहीत आहे. बरण्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या.

२४ जानेवारी

९७ च्या बरणीत शाळूवर पांढरी जाळी. चौथ्या दिवशी! गुळाचा खडा मात्र ८४, ९४ आणि ९७ या तिन्ही बरण्यांत पाझरून काकवी झालाय.

२९ जानेवारी

९७ मध्ये हळदीवरही बुरशी, हिरवी. म्हणजे कुरक्युमिनचा धाक फार काळ टिकला नाही. ९४ मध्ये शाळूवर सुरुवात.

आणि ७५ च्या बरणीत हळकुंडाच्या एका तुकड्यावर हिरवा ठिपका. नवव्या दिवशी! पुस्तकाप्रमाणे तिथे महिना-दोन महिने तरी काही दिसायला नको. पार्टनरचा चेहरा बघण्यासारखा होता, आम्ही दोघींनी मनातल्या मनात शोधनिबंधाचं शीर्षकही ठरवलं.

३१ जानेवारी

शीर्षक मागे.

आज सकाळी सातला प्रॅक्टिकल होतं म्हणून लवकर आलो, आणि खिडकीतल्या बरण्यांच्या झाकणांच्या आतून दंव साचलेलं दिसलं. ७५ च्या बरणीत झाकणाला एक टपोरा थेंब लटकत होता, बरोबर त्या ठिपक्याच्या डोक्यावर.

मॅडमनी हिशेब करायला लावला. २५ अंशांच्या हवेत घनमीटरला जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते. त्याच्या ७५ टक्के म्हणजे १७.२५ ग्रॅम. आता २० अंशांना हवेत मावते किती? १७.३. म्हणजे झाकण २० अंशांपर्यंत थंड झालं की ७५ टक्क्यांची हवा तिथे १०० टक्के होते, आणि आणखी उतरलं की पाणी सुटतं. जानेवारीत सांगलीची पहाट २० च्या बरीच खाली असते. खाली लगदा अजून उबदार, वर पत्र्याचं झाकण गार. बरणीत 'सरासरी' ७५ होती हे खरं. पण बुरशी सरासरीवर जगत नाही. एक थेंब जिथे पडला तिथे तिच्यासाठी पावसाळा होता.

पोत्यांच्या गोदामातही हेच होत असणार. दिवसा तापलेला पत्रा, रात्री गार, वरच्या थरातल्या पोत्यांवर टपटप. मालाचा ओलावा मोजला तर ठीक, आणि माल खराब.

पहिला गट बाद.

२ फेब्रुवारी, हरिपूर

रविवार. आजोबांना बरण्यांची गोष्ट सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "तुमच्या बरणीला ऊन-थंडी लागली. पेवाला लागत न्हाई."

पेवं मी लहानपणापासून ऐकत आले. जमिनीत खणलेलं कोठार. तोंड एवढंसं, माणूस जेमतेम उतरेल, खाली पोट मोठं. हरिपूरची माती अशी की भिंत बांधावी लागत नाही, खणलेलं तसंच उभं राहतं. हळद भरायची, तोंड बंद करून वर माती लिंपायची, आणि भाव येईपर्यंत वाट बघायची, वर्ष दोन वर्षंसुद्धा. आजोबा तरुणपणी व्यापाऱ्यांकडे पेवं भरायला-काढायला जायचे.

आज मी वही घेऊन बसले होते, म्हणून पहिल्यांदाच नीट विचारलं.

भरण्याआधी काय बघायचात? त्यांनी घरातलं एक हळकुंड उचललं आणि मोडलं. "आवाज ऐक. खट्ट वाजलं पायजे, धातूवानी. नुसतं वाकून तुटलं तर परत उन्हात." म्हणजे १० टक्क्यांची परीक्षा कानाने. टोल्यूइन नाही, चिरलेली नळी नाही.

उघडताना? "झाकण काढलं की लगेच उतरायचं न्हाई. तासन्‌तास उघडं ठेवायचं. मग कंदील सोडायचा दोरीनं. विझला की थांबायचं." आत प्राणवायू उरत नसे. मालासोबत गेलेले किडे आणि जंतू श्वास घेत राहतात, प्राणवायू संपवतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि मग त्यांचंच बस्तान उठतं. चोराने स्वतःच्याच घराला कुलूप लावावं तसं.

आणि तापमान. दिवस-रात्रीचा चढउतार जमिनीत हात-दोन हातांच्या खाली जवळजवळ जाणवत नाही, ऋतूंचा चढउतारही खोल गेल्यावर मंद होतो. झाकण गार आणि माल गरम असं होतच नाही. त्यामुळे थेंब नाही.

मी विचारलं, मग आता का भरत नाहीत सगळे? आजोबा नदीच्या दिशेने बघत राहिले. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, माल गेला, पेवं ढासळली. २०१९ ला आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा तर आमच्याच घरात पाणी होतं. मी तेव्हा शाळेत. पाणी ओसरल्यावर भिंतीवर काळी बुरशी आली ती पाण्याच्या खुणेच्याही हातभर वर. भिंतीने पाणी वर शोषलं होतं. तेव्हा मला ते फक्त किळसवाणं वाटलं होतं.

५ फेब्रुवारी

गट दुसरा. इन्क्युबेटर आलंच नाही, म्हणून आमचं पेव: फळांचं मोठं लाकडी खोकं, त्यात वखारीतला भुसा ठासून, मध्ये बरण्या, वरही वीतभर भुसा. खोकं खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीला. भुशात थर्मामीटर खोचला. दोन दिवसांची नोंद: खोलीत १७ ते ३०, भुशात २३ ते २५. मामांनी खोक्यावर खडूने 'पेव, हात लावू नये' असं लिहिलं.

शिवाय खरी लढत सुरू केली. तिन्ही नमुन्यांचा ओलावा बरोबर १८ टक्के करायचा, मग बंद बरणीत क्षाराशिवाय ठेवायचे. १०० ग्रॅम हळदीत १० ग्रॅम पाणी, ९० ग्रॅम कोरडं. ९० भागिले ०.८२ म्हणजे १०९.८, म्हणून ९.८ ग्रॅम पाणी वाढवायचं. बेदाण्याला ३.७ पुरे. पाणी शिंपडून फ्रीजमध्ये आठवडाभर, अधूनमधून हलवत, म्हणजे ओल सारखी मुरेल.

१२ फेब्रुवारी

१८ टक्क्यांचे तिन्ही नमुने बाहेर काढून बरणीत, सोबत तीनने कमी बोलणारा मापक. रात्रभर ठेवल्यावर (दुरुस्ती करून): शाळू ८५, हळद ८३, बेदाणे ६१.

मी तीनदा झाकण लावून परत वाचलं. पाणी तेवढंच, तोलून-मापून तेवढंच. पिठाच्या कणांनी ते सैल धरलंय, द्राक्षाच्या साखरेने घट्ट. अख्ख्या प्रकल्पात मला सगळ्यात आवडलेली हीच ओळ आहे, आणि तिला एक पैशाचं रसायन लागलं नाही.

१४ फेब्रुवारी

९७: शाळू, हळद दोन्हींवर बुरशी. ९४: शाळू. बाकी शांत. एक ९४ ची जोडी फ्रीजमध्ये, एक ३७ अंशांना ठेवली होती: फ्रीजमध्ये काही नाही, ३७ ला जाड गालिचा. अपेक्षेप्रमाणे, पुढे जाऊ.

२० फेब्रुवारी

कंदिलाची गोष्ट डोक्यातून जात नव्हती म्हणून जादा प्रयोग. ८४ च्या दोन बरण्या, दोन्हीत नवी हळद. एकीत प्राणवायू काढून घ्यायचा. मेणबत्ती लावून बघू म्हणाली पार्टनर, पण ज्योत विझते तेव्हा हवेत साधारण १६ टक्के प्राणवायू शिल्लक असतो. बुरशीला तो रग्गड. खरं तर आजोबांचा कंदील माणसासाठी होता, बुरशीसाठी नाही.

लोखंडाचा गंज हे काम नीट करतो, गंजताना प्राणवायू खातो. भांड्याची घासणी आणली, ती गंजेचना. स्टेनलेस! मग कुपवाडच्या एका वर्कशॉपमधून कानशीने घासलेलं लोखंडाचं पीठ मिळालं. जरा मीठ-पाणी लावून कापडी पुरचुंडीत बांधून एका बरणीत टांगलं.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र, संगमेश्वराच्या देवळात गर्दी, कॉलेजला सुट्टी. तरी मामांकडून किल्ली घेऊन बघून आले. १८ टक्के: शाळूवर बुरशी, हळदीवर नुकती सुरुवात, चौदावा दिवस. बेदाणे जसेच्या तसे. ८४ च्या जुन्या बरणीत हळदीवर हिरवट छटा. गुळाच्या काकवीला आंबूस, दारूसारखा वास, झाकण किंचित फुगलेलं. साखरेत राहणारे यीस्ट असणार. त्या बरणीवर आम्ही काम केलेलं नाही, फक्त वास घेतला.

१२ मार्च

लोखंडवाली बरणी: विसावा दिवस, काही नाही. शेजारची साधी ८४: भरगच्च.

उघडायचं ठरलं. झाकण आधी निघेना, मग 'फस्स' आवाज आला, आत पोकळी झाली होती. मी जळती काडी आत नेली. काठाच्या खाली जाताक्षणी विझली. पार्टनर म्हणाली, "अगं, तुझे आजोबा!" दोघी हसलो, आणि काडी परत लावून परत विझवली, उगाचच.

बुरशीच्या बरण्या मात्र उघडल्या नाहीत. धान्यावरच्या हिरव्या बुरशीत ॲस्परजिलस फ्लेव्हस असू शकतो, त्याचं अफ्लाटॉक्सिन उकळूनही जात नाही. ऑटोक्लेव्हने (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) बुरशी मरते, विष राहतं. म्हणून १२१ अंश, १५ पौंड दाब, अर्धा तास, आणि त्यानंतरही धुऊन परत वापरायचं नाही, सरळ बांधून टाकायचं. बुरशी घासून, ऊन दाखवून तेच धान्य दळायला नेणारे लोक आम्हा दोघींच्याही ओळखीचे आहेत. घरी याच्यावरून वाद झाला आहे, त्याची नोंद इथे नको.

१९ मार्च

फाइल लिहून झाली. तक्त्यात ३३, ५३ आणि ७५ समोर 'वाढ नाही' असं लिहिलं. मॅडमनी ७५ समोर प्रश्नचिन्ह काढून फाइल परत दिली. "बरणी फेकली का?" नाही. "मग निकाल कसा लिहिला?"

बरणी परत भुशात.

२४ मार्च

सत्तेचाळिसावा दिवस. बाहेर ३७ अंश, भुशात २९. ७५ च्या बरणीत बेदाणे स्वच्छ, शाळू स्वच्छ. हळदीच्या एका कणीवर भिंगाखाली दिसेल एवढा पांढरा ठिपका, त्याला बारीक तंतू.

झाकण आतून पुसून पाहिल्यासारखं कोरडं. पार्टनरने टॉर्च मारून चारी बाजूंनी थेंब शोधला. थेंब नाही.

तक्त्यातली ओळ बदलली.